सोयरा असेल त्यालाच खोली

माणसाला नोकरी लागली की तो शहाणा होतो आणि सहा महिने टिकली की देशाची धोरणं ठरवायला लागतो. कल्याणजवळ मोहने गावच्या कारखान्यात लागून मला सहा महिने झाले होते. दुपारच्या सुट्टीत चहा पिताना आमचा विषय एकच असायचा: बाहेरून येणाऱ्यांना कुठेतरी आळा घातला पाहिजे. मद्रासकडून येतात, उत्तरेकडून येतात, आणि कल्याणच्या छावणीत निर्वासित तर होतेच. सरकार झोपलंय काय, असं मी टेबलावर हात आपटून विचारायचो. मी स्वतः सातारा जिल्ह्यातून वळकटी बांधून आलेलो, पण ते वेगळं. मी आधी आलेलो.

ज्या गावात मी खोली घेतली होती, त्या गावालाही हाच प्रश्न पडलाय हे मला उशिरा कळलं. गाव जुन्या शेतकऱ्यांचं. एका रविवारी देवीच्या देवळासमोर सभा भरली आणि गावचा पाटील उठून म्हणाला, "गाव आपला, पानी आपला, नि कंपनीन कामाला सगला भायेरचा! आजपासना सोयरा असंल त्यालाच खोली. बाकीच्यांनी वाट धरावी."

मी मागे उभा होतो. लग्नाला वर्ष झालं होतं, बायको गावी माझ्या आईवडिलांकडे होती, आणि पुढच्या महिन्यात तिला आणायचं नक्की झालं होतं. खोली गेली असती तर ते सगळंच बारगळलं असतं. तेवढ्यात बायकांमधून माझी घरमालकीण उठली. नवरा तिचा खाडीत रेती काढायला जायचा आणि घरात बोलायचं काम त्याने तिच्यावर सोपवलेलं होतं.

"माज्याकरं ऱ्हातो त्यो माजा भाव हाय," ती म्हणाली.

"तुला भाव कवापासना झाला गो?" पाटलाने विचारलं.

"मानलेला हाय. मानलेला काय भाव नसतं?"

पाटलाला नाही म्हणता येईना, कारण त्याच्या स्वतःच्या चाळीत तीन परके होते आणि भाडं कुणाला नको असतं? त्याने तिघांनाही तिथल्या तिथे आपले चुलतभाऊ करून टाकलं. मग काय, गावात सोयऱ्यांचा पूर आला. कारखान्यातला एक मद्रासी फिटर एका म्हातारीचा भाचा झाला. छावणीतून आलेले एक गृहस्थ कुणाचे तरी व्याही ठरले. त्यांना मूलबाळ नव्हतं, पण एवढ्या खोलात कोण जातो. आठवड्याभरात गावात परका माणूस औषधालाही उरला नाही.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण पाटलाचा म्हातारा काका वारला.

चुलतभाऊ म्हटल्यावर सुतक आलं, आणि दहाव्याला डोकं भादरणंही आलं. पाटील शब्दाचा पक्का. त्याने तिन्ही भाडेकरूंना नदीवर नेऊन न्हाव्यासमोर बसवलं. दोघांनी मुकाट्याने गोटा करून घेतला. तिसरा एक टायपिस्ट होता, त्याचं लग्न पंधरवड्यावर आलेलं आणि केसांवर त्याचं फार प्रेम. तो ओल्या पंच्यासकट उठला आणि ओरडला, "मी भाऊ नाही, भाडेकरू आहे!"

संध्याकाळी त्याची ट्रंक रस्त्यावर होती. पाटील मात्र आतून दुखावला होता. नातं म्हणजे काय चेष्टा आहे, असं म्हणत त्याने घरोघर जाऊन सोयरे तपासायला सुरुवात केली. मद्रासी भाच्याला मावशीचं माहेर सांगता येईना, तो गेला. बिनमुलांचे व्याही तर न विचारताच निघून गेले. मला पाटील एवढंच म्हणाला, "तुजी बायको येतेय ना? येऊं दे. नणंदेला कशी भेटते ते बगतो मी."

हे बायकोला कळवायचं कसं? पोस्टकार्ड आमच्या घरी वडील मोठ्याने वाचायचे. "मला इथे एक बहीण झाली आहे" असं वाचल्यावर ते मिळेल त्या गाडीने काठी घेऊन आले असते. म्हटलं, कल्याणला उतरली की टांग्यात सांगू. पण टांग्यात बसतो तोच मागून हाक आली, "जागा हाय का?" आणि पाटील आमच्या समोर येऊन बसला. बाजार करून परतत होता म्हणे. माझा त्यावर आजही विश्वास नाही.

"काय गो पोरी," पाटलाने वाटेत विचारलं, "नणंदेला वलखतेस ना?"

मला सख्खी, चुलत, कुठलीच बहीण नाही हे बायकोला पक्कं माहीत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी घोड्याकडे पाहिलं. नव्या सुनेने वडीलधाऱ्यांपुढे बोलू नये या रीतीचे मी आयुष्यात तेवढे एकदाच आभार मानले.

टांगा दारात थांबला. पाटील उतरून कमरेवर हात ठेवून उभा राहिला. बायको पदर सावरत उंबऱ्यापाशी गेली, आणि घरमालकीण आतून येऊन दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिली.

"थांब. अशी नाय सोरनार. तुजी पोर माज्या पोराला देशील का, आंगुदर सांग."

तिचा सहा वर्षांचा पोरगा मागे पेरू खात होता. आमची पोर तर अजून जन्मायचीच होती. पण नणंदेने दार अडवून लेक मागितली तर काय म्हणायचं हे महाराष्ट्रातल्या कुठल्या सुनेला शिकवावं लागत नाही. बायको लाजली, वाकून पाया पडली आणि म्हणाली, "देईन, वन्सं."

हात बाजूला झाले. पाटलाने डोक्यावरची टोपी नीट केली. "भारेकरणीला कोन अरवतंय?" तो मला म्हणाला. "भारेकरीण सरल आत जाते." आणि घरी गेला.

खोलीत बायकोने मला धारेवर धरलं. एवढी थोरली बहीण माझ्यापासून लपवली का, लग्नाला का बोलावली नाही, तिचा मान का ठेवला नाही! खरं ते सांगितल्यावर ती हसत सुटली, मग तिने पदराने डोळे पुसले. "पण मी शब्द दिलाय," ती म्हणाली.

संध्याकाळी मी घरमालकिणीला म्हणालो, "आक्का, नाटक झकास झालं."

ती भडकलीच. "नाटक कंचा? माना भाव नव्हता रं. सगल्या बायांनी दारं अरवली, मी नुसती बगत ऱ्हायले. जल्मान येकदा अरवाचा व्हता, अरवला."

मला फार ओशाळल्यासारखं झालं. त्या दिवसापासून चहाच्या वेळी मी सरकारला उठवणं बंद केलं.

पाटलाचा नियम पुढच्या पावसाळ्यापर्यंत गाव विसरून गेलं. आम्ही तिथे चार वर्षं राहिलो. मुलगी झाली तेव्हा आक्काने तिला आधी पोराला दाखवलं. तो म्हणाला, टक्कल आहे, नको. मग कंपनीची खोली मिळाली. सामान टांग्यात चढवलं, बायको मुलीला कडेवर घेऊन निघाली, तर आक्का दारात. तशीच, दोन्ही हात चौकटीला लावून. या वेळी ती बाहेरच्या बाजूला होती आणि आम्ही आत.

"आता काय मागतेस, आक्का?" मी विचारलं.

तिला मागायला काहीच सुचेना. पण हात तिने काढले नाहीत, आणि आम्हीही ते काढ म्हटलं नाही.