बावीस राष्ट्राध्यक्ष आणि एक नारळ

लतिका मिसनी आयुष्यात दोनच कामं जीव ओतून केली, एक शिकवणं आणि दुसरं सूत्रसंचालन. अबू धाबीतल्या मराठी मंडळींचा कुठलाही समारंभ असो, माइक त्यांच्याच हाती असायचा, आणि एकदा आला की काढून घ्यायची कुणाची टाप नव्हती. त्यांचा नवरा विष्णू अशा समारंभांना घरून जेवूनच निघायचा.

मोहम्मद बिन झायद सिटीतल्या एका अमेरिकी अभ्यासक्रमाच्या शाळेत त्यांना चौथीचा वर्ग मिळाला, तोही सहा महिन्यांच्या बोलीवर. शेवटी सुपरवायझर रुकय्या मॅडम मागच्या बाकावर बसून एक तास बघणार आणि कायम करायचं की निरोप द्यायचा, ते ठरवणार होत्या. या हैदराबादच्या मॅडम बोलायच्या कमी आणि लिहायच्या जास्त, त्यामुळे मिसना त्यांची धास्ती होती. बारा वर्षं घरी बसल्यावर हा वर्ग मिळाला होता आणि सकाळी बावीस तोंडांनी ‘गुड मॉर्निंग, मिस’ म्हटलं की त्यांना फार बरं वाटायचं. नोकरी जाऊन चालणार नव्हतं.

विषय होता अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष. बावीस मुलं, बावीस चिठ्ठ्या. ज्याला जो निघेल त्यानं त्याची माहिती लायब्ररीत स्वतः शोधायची, त्याच्यासारखा पोशाख करून यायचं आणि दोन मिनिटं बोलायचं. शेवटी ‘यांच्याकडून काय शिकायचं’ हे एका वाक्यात सांगायचं, आणि ते वाक्य पुस्तकातलं किंवा आईबाबांचं नको, स्वतःचं हवं. या बाबतीत मिस कडक होत्या.

फहदला लिंकन निघाला, तेव्हापासून तो दाढी लावूनच शाळेत येऊ लागला. निनादला मात्र विल्यम हेन्री हॅरिसन निघाले, जे जेमतेम एक महिना राष्ट्राध्यक्ष राहिले आणि वारले. दुसऱ्याच दिवशी निनादचे बाबा अंबादास शाळेत हजर झाले. मुसाफ्फाच्या औद्योगिक वसाहतीत त्यांची कॉन्ट्रॅक्टिंगची कंपनी होती आणि घरात कुणी लहान काम घेतलेलं त्यांना खपत नसे.

“मॅडम, बाकीच्यांना चार-चार, आठ-आठ वर्षांचे दिलेत, आणि आमच्याच मुलाला एक महिन्याचा? चेंज करून द्या ना. कोणीपण चालेल.”

मिसनी चिठ्ठी बदलली नाही, पण मान राखला. समारोपाचं भाषण निनादचं, असं त्यांनी जाहीर केलं. समारोपाला बोलतो तो सगळ्यांत मोठा, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. अंबादास खूश होऊन गेले.

बावीस दुणे चव्वेचाळीस, आणि तास पंचेचाळीस मिनिटांचा. हिशोब चोख बसला होता. पण आदल्या दिवशी मिसच्या मनात आलं, की इतके राष्ट्राध्यक्ष येणार आणि त्यांचा साधा सत्कारही नाही, हे काही बरं दिसत नाही. मराठी मंडळाच्या सहा शाली त्यांच्याच कपाटात असायच्या. सत्कार होऊन फोटो निघाला की शाल पाहुण्याच्या खांद्यावरून अलगद परत यायची आणि पुढच्या पाहुण्यावर चढायची. नारळही एकच होता, तोही असाच फिरायचा. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि कुणाचीच तक्रार नव्हती.

ठरल्या दिवशी रुकय्या मॅडम मागे येऊन बसल्या. मिसनी दीपप्रज्वलनापासून सुरुवात केली, तेही बॅटरीच्या दिव्याचं, कारण खरी वात पेटवली असती तर फायर अलार्म वाजला असता. मग स्वागत, आणि मग सत्कार. प्रत्येकाचा परिचय, शाल, नारळ, फोटो, टाळ्या, आणि शाल-नारळ परत. वॉशिंग्टन झालेल्या काव्याचा पांढरा टोप शालीबरोबरच निघून आला. टाफ्ट झालेल्या अर्सलाननं पोटाला दोन उशा बांधल्या होत्या, त्याला शाल पुरेना. फहद तर नारळ सोडायलाच तयार नव्हता. लिंकनला दिलेली वस्तू परत कशी मागता, असा त्याचा सवाल होता. “यल्ला, हबीबी, जेफर्सन थांबलाय,” अशी मिसनी मनधरणी केली तेव्हा कुठे नारळ सुटला. रुकय्या मॅडम भराभरा लिहीत होत्या. भारावून लिहीत असणार, असं मिसना वाटलं.

एकवीस सत्कार झाले. उरला निनाद. अंगात पातळ सदरा, एसीचा झोत थेट अंगावर, पोरगं कुडकुडत होतं. मिसनी शाल घातली, त्यानं काढली. पाहुणा आधी नको-नको म्हणतोच, म्हणून मिसनी पुन्हा घातली. त्यानं पुन्हा काढली, घडी करून खुर्चीवर ठेवली आणि दोन्ही हात मागे बांधून उभा राहिला.

तेवढ्यात रुकय्या मॅडम पहिल्यांदा बोलल्या. “मिस लतिका, ओनली फोर मिनिट्स लेफ्ट. बच्चे कब बोलेंगे?”

मिसनी घड्याळ पाहिलं. एकाही मुलाचं भाषण झालं नव्हतं. नोकरी खलास, हे त्यांना समोर दिसत होतं. वेळ संपत आली की मधलं सगळं गाळायचं आणि थेट समारोप घ्यायचा, हीच त्यांची वीस वर्षांची सवय. त्यांनी निनादला पुढे केलं.

निनाद इंग्रजीत बोलला, हातात कागद न घेता. हॅरिसन यांनी शपथविधीला भर थंडीत, कोट-टोपी न घालता, जवळजवळ दोन तास भाषण केलं, म्हणून त्यानं शाल घेतली नव्हती. शपथविधीला इतकं लांब भाषण आजवर कुणी केलेलं नाही. मग ते आजारी पडले. एका पुस्तकात थंडीला दोष दिलाय, दुसऱ्यात खराब पाण्याला, म्हणून दोन्ही सांगतो, असं तो म्हणाला. राष्ट्राध्यक्षपद एकूण एकतीस दिवसांचं.

“व्हॉट वी लर्न फ्रॉम हिम इज, डोन्ट फिनिश युवर टाइम ऑन द वेलकम,” निनादनं समारोप केला. “मिस हॅड फोर्टी-फाइव्ह मिनिट्स. शी यूज्ड फोर्टी-वन.”

वर्ग खो-खो हसत सुटला आणि घंटा झाली. मिसना कुठे तोंड लपवावं कळेना. रुकय्या मॅडम निनादजवळ आल्या आणि हे शेवटचं वाक्य घरी कुणी लिहून दिलं, असं त्यांनी विचारलं.

“नो वन,” निनाद जरा दुखावूनच म्हणाला. “मिस सेड इट मस्ट बी अवर ओन.”

मग मॅडमनी फहदला विचारलं, मग काव्याला, मग अर्सलानला. प्रत्येकाकडे आपापलं वाक्य तयार होतं, फक्त बोलायला मिळालं नव्हतं. अख्खी मधली सुट्टी मॅडम व्हरांड्यात उभ्या राहून एकेका राष्ट्राध्यक्षाचं ऐकत होत्या, आणि या वेळी त्यांनी वही उघडली नाही.

आठ दिवसांनी पत्र आलं. लतिका मिस कायम झाल्या होत्या. खाली पेनानं दोन ओळी होत्या, की या वर्गातली मुलं स्वतः शोधतात आणि शिक्षिकेलाही खरं सांगायला घाबरत नाहीत. शाली मात्र शाळेत आणू नयेत. मिस स्टाफरूममध्ये जाऊन पदराआड थोडं रडून आल्या.

दुसऱ्या दिवशी त्या वर्गात आल्या तेव्हा पर्समध्ये दोन पानी भाषण होतं. ते पर्समध्येच राहिलं. त्यांनी निनादच्या हातात नारळ ठेवला, “शाब्बास” म्हणाल्या आणि खाली बसल्या. फहदनं दाढी वर सरकवून विचारलं, “दॅट्स ऑल, मिस?”

“दॅट्स ऑल,” मिस म्हणाल्या आणि त्यांनी पुस्तक उघडलं. नारळ निनादच्या घरी गेला. मिसनी तो परत मागितला नाही.