पुढचे रिकामे बाक

माझ्या आईवडिलांनी माझी शाळा आतून कधीच पाहिली नाही. वडील बाजार समितीत गोण्या वाहायचे, आई दुसऱ्यांच्या शेतात निंदणीला जायची, आणि तालुक्याच्या गावाला हायस्कूल एकच होतं. ते चांगलं आहे का, असा प्रश्न आमच्या घरात कोणाला पडलाच नाही. शाळा होती, तेवढंच पुष्कळ होतं. त्याच शाळेतून मी दहावी झाले, मग नाशिकला वसतिगृहात राहून बी.एस्सी. केलं. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. आजही त्या शाळेतल्या कुणा बाईंचा फोन आला की मी बसल्या जागेवरून उठून उभी राहते आणि मग बोलते.

त्यामुळे मुलीसाठी शाळा निवडायची वेळ आली तेव्हा शाळा कशी पारखायची हे मला कुणी शिकवलेलंच नव्हतं.

आम्ही नुकतेच पेठ रस्त्याच्या बाजूला नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. मुलगी आठवीत होती, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या खासगी इंग्रजी शाळेत. तिची व्हॅन रोज द्वारका चौकाच्या गर्दीत अडकायची. शाळा बदलण्याचं नातेवाइकांना आम्ही हेच कारण सांगत होतो, पण खरं कारण ते नव्हतं. जूनमध्ये तिला कावीळ झाली आणि गणपती येईपर्यंत ती घरीच राहिली. परत गेली तेव्हा चाचणीच्या गुणांप्रमाणे जागा बदललेल्या होत्या. जिने चाचणीच दिली नव्हती तिची जागा शेवटच्या बाकावर. बीजगणित बरंच पुढे सरकलं होतं. तिने एकदा हात वर करून विचारलं. ‘हे झालंय, मैत्रिणींना विचार,’ असं उत्तर मिळालं. त्यानंतर तिने विचारणं बंद केलं. तिथेही आणि घरीही. जेवायला काय करू म्हटलं तर ‘काहीही’ म्हणायची. सकाळी पोट धरून बसायची. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “पोटाला काही झालेलं नाही. शाळेचं काय ते बघा.”

घराजवळ महापालिकेची माध्यमिक शाळा आहे. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. मी तिचं नाव काढलं तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, “अगं, तिथं तर आमच्या भांडीवालीची मुलगी जाते.”

“मग बरंच झालं,” मी म्हटलं. “शाळा कशी आहे ते तिलाच विचारते.”

काकूंना ते आवडलं नाही. पण खरं सांगायचं तर मीही धास्तावलेलीच होते. आम्ही दोघं इतकी धडपड करून शहरात आलो, आणि मुलीला पुन्हा गळक्या नळाच्या शाळेत घालायचं?

दिवाळीच्या सुट्टीआधी आम्ही तिघं शाळा बघायला गेलो. मी पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये गुणवत्ता तपासणीचं काम करते, त्यामुळे तपासण्याची सवय अंगात भिनली आहे. घडाच्या खांद्याचे, म्हणजे देठाजवळचे मणी आधी पिकतात. तिथला मणी चाखून घड गोड आहे असं म्हणणारा फसतो. चाखायचा तो खाली लोंबणाऱ्या शेंड्याचा मणी. तो गोड लागला तर अख्खा घड तयार. शाळेत शिरताना मी मनाशी तेच ठरवलं होतं. दारातल्या फळ्यावर दहावीत पहिल्या आलेल्या मुलांची नावं होती, त्याकडे बघायचं नाही. शेवटच्या बाकावर कोण बसलंय आणि कसं बसलंय, ते बघायचं.

मुख्याध्यापक साधे गृहस्थ होते. त्यांनी काही लपवलं नाही. “सरळच सांगतो ताई, गणिताच्या शिक्षकाची जागा जूनपासून रिकामी होती. आत्ता कुठे एक सर आलेत. प्रयोगशाळा आहे, पण निम्म्या काचा फुटलेल्या. इंग्रजीच्या बाई उत्तम आहेत, फक्त त्यांना निवडणुकीच्या कामाला नेलं नाही तर. तुम्ही फिरा, बघा. मुलीला तोवर आठवीच्या वर्गात बसू द्या.”

आम्ही फिरलो. मुलींची स्वच्छतागृहं बघितली. स्वच्छ होती, आतून कड्याही लागत होत्या. पाण्याच्या टाकीवरचं झाकण मी स्वतः उचलून बघितलं. मिस्टर ओशाळून म्हणाले, “अगं, हे काय पॅकहाऊस आहे का?”

मग आठवीच्या दारात उभी राहिले. मुलींच्या रांगेत शेवटच्या बाकांवर तिघी-तिघी दाटीने बसल्या होत्या, एकीची तर अर्धी मांडी बाकाबाहेर होती. आणि पुढचे दोन बाक चक्क रिकामे. त्यांच्यावर धूळही नव्हती, पण बसलेलं कोणीच नव्हतं. आमची मुलगी मध्ये कुठेतरी जागा करून बसली होती.

ती शाळा तिथेच माझ्या मनातून उतरली. मागच्या मुलींना पुढे या म्हणण्याचीही ज्या शिक्षकांना इच्छा नाही, तिथे शेंड्याचा मणी आंबटच निघणार. बाहेर आल्यावर मिस्टर म्हणाले, “गळती आहे गं. मुली शाळा सोडून गेल्यात, म्हणून बाक ओस पडलेत.” मलाही ते पटलं. वर्गावरच्या बाईंना विचारणं उद्धटपणाचं वाटेल म्हणून आम्ही नमस्कार करून निघालो. घरी येईपर्यंत आमचं ठरलंही होतं की ही शाळा नको. मुलीला कोणी काही विचारलं नाही.

दोन-तीन दिवसांनी मी शंकरपाळ्यांचं पीठ मळत होते. मिस्टर ओट्यापाशी उभे राहून कच्चं पीठच तोंडात टाकत होते, आणि मुलगी लाटत होती. बोलता बोलता मी म्हटलं, “ज्या शाळेत पुढचे बाक ओस पडतात...”

“ते ओस नाहीत,” मुलगी म्हणाली.

आम्ही दोघांनी तिच्याकडे बघितलं.

“ठेवलेत ते. पेठ-सुरगाण्याकडच्या मुली येतात ना, आईवडिलांबरोबर, द्राक्षांच्या कामाला. घरचं भात कापून झालं की येतात. दिवाळीनंतर. मी आधी तिथंच बसायला गेले, तर एक मुलगी म्हणाली, तिथं नको बसू, ती जागा लागलेली हे.”

“मग मागे ठेवायच्या जागा,” मिस्टर म्हणाले. “ज्या रोज येतात त्यांनी कोंबून बसायचं, आणि ज्या आल्याच नाहीत त्यांना पुढचा मान?”

“मीपण तेच विचारलं पप्पा. ती हसली मला. म्हणाली, त्यांचं मागचं बुडलेलं असतं ना, मग मागं बसून त्यांना कसं कळंल?” ती लाटणं फिरवत राहिली. पोळी कधीच पातळ झाली होती, तरी फिरवत राहिली. “तिथं बुडालेलं असलं तर पुढे बसवतात, आई.”

मिस्टरांनी तोंडातलं पीठ गिळलं आणि माझ्याकडे बघितलं. मी पीठ मळत राहिले. मला भीती वाटली की आपण काही बोललो तर ही पुन्हा गप्प होईल. कावीळ झाल्यापासून ती एकदम इतकं बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला मी एकटीच गेले आणि वर्गशिक्षिकेला गाठलं. मधल्या वयाच्या, भरभर बोलणाऱ्या बाई. मी बाकांचं विचारलं तेव्हा त्यांना त्यात विचारण्यासारखं काय आहे हेच आधी कळेना.

“मी इथं आले त्याच्या आधीपासून असंच आहे,” त्या म्हणाल्या. “पूर्वी त्या मुली यायच्या तेव्हा वर्ग भरलेला असायचा. मग कुठे दारापाशी, कुठे खाली बसायच्या. पाहुण्यासारख्या. आठ दिवसांत यायच्या बंद व्हायच्या. मग कोणीतरी ठरवलं की जागा आधीच धरून ठेवायची. पंगतीत नाही का, मागून येणाऱ्याचं पान मांडून ठेवतो, तसं. आपलं पान मांडलेलं दिसलं की माणूस बसतो.”

“आणि मागच्या तिघी-तिघी?”

“दाटीत गप्पा फार मारतात. तेवढं नुकसान आहे, ते मी मान्य करते.” मग त्या हसल्या. “पण जागा धरून ठेवायचं काम त्यांचंच आहे. मी नाही सांभाळत. एकदा सुपरवायझर सर त्या बाकावर टेकले, तर मुलींनी त्यांना उठवलं.”

मग मी माझ्या मुलीचं सगळं सांगितलं. कावीळ, शेवटचा बाक, गप्प होणं. बाईंनी ऐकून घेतलं. ‘आम्ही तिला घडवू’ वगैरे त्या म्हणाल्या नाहीत. “दिवाळीनंतर पंधरवडाभर शेवटच्या तासाला आम्ही मागचं सगळं परत घेतो, त्या मुलींसाठी. तीपण बसेल. तिचंही तेवढंच बुडालंय,” इतकंच म्हणाल्या, आणि पिशवी उचलून बसच्या मागे धावल्या.

घरी मिस्टरांशी बोलणं व्हायचंच होतं. ते चिडले नाहीत. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. शांतपणे म्हणाले, “एक विचारू? तू तुझ्या शाळेचे उपकार फेडायला पोरीला पाठवत नाहीस ना?”

मला ज्या शाळेने उभं केलं तिच्यातही काचा फुटलेल्या होत्या, शिक्षक कमी होते, आणि तरी मी निभावलं. पण मी निभावलं म्हणून मुलीनेही निभावावं, असं म्हणायला मन धजत नव्हतं. तिच्या इंग्रजीचं काय होईल, पुढे महाविद्यालयात ती मागे पडेल का, नातेवाईक काय म्हणतील, हे सगळं माझ्याही डोक्यात होतं. फुटलेल्या काचा काही बाईंच्या पंगतीने जुळणार नव्हत्या.

“थोडं तसं असेलही,” मी म्हटलं. “पण तुम्हीच बघा, जुन्या शाळेत ती आजारी पडली म्हणून तिची जागा गेली. इथं ज्या अजून आल्याच नाहीत, त्यांचीसुद्धा जागा आहे.”

ते म्हणाले, “तिलाच विचार.”

मी तिला विचारलं, “जाशील त्या शाळेत?” “जाऊ?” ती म्हणाली. होकारच होता तो, फक्त प्रश्नासारखा विचारलेला. वार्षिक परीक्षेपर्यंत बघू, नाही जमलं तर दुसरं शोधू, असं ठरवून दिवाळीनंतर आम्ही तिचं नाव घातलं.

त्या वर्षी अवकाळी पावसाने भात उभंच भिजलं आणि कापणी लांबली. शाळा सुरू झाली तरी पुढचे बाक रिकामेच. मुलगी रोज घरी येऊन एकच बातमी द्यायची, “आज पण नाही आल्या.” त्या आल्या नव्हत्या तरी ठरल्याप्रमाणे शेवटच्या तासाला बाई उजळणी घेत होत्या, पण ती त्यात गप्पच असते हे मला बाईंकडून कळलं. ऐकते, उतरवून घेते, विचारत मात्र नाही. मी पॅकहाऊसमध्ये क्रेट तपासताना मनात घोकायची, चुकलं तर माझं एकटीचं चुकेल, पण वर्ष तिचं जाईल.

आणि एके दिवशी त्या आल्या. हे मला मुलीने सांगितलं नाही, मीच घरी येताना रस्त्यात पाहिलं. द्राक्षबागेच्या कडेला नवीन पालं लागली होती, दोरीवर कपडे वाळत होते, आणि एक बाई दगडावर नागलीची भाकरी थापत होती. मी पावलं उचलली.

घरी पोचले तर दार उघडंच. मिस्टर नुकतेच कामावरून आलेले दिसत होते. दारातच उभे होते, डोक्यावर हेल्मेट तसंच. त्यांच्यासमोर मुलगी गणवेशातच, हातवारे करत बोलत होती.

“... तर ती पुढच्या बाकावरची मला म्हणते, हे वजा दुसऱ्या बाजूला गेल्यावर अधिक का होतं? मी म्हटलं, असंच असतं. तर म्हणे, असंच कसं, कारण असेल ना. आता मला पण माहीत नाही पप्पा, खरंच. ती एवढ्या लांबून चालून आली आणि मी काय सांगू? मग मी हात वर केला. सर म्हणाले, बोला. मी म्हटलं, आम्हाला दोघींना कळलं नाही. मग सरांनी तराजू काढला फळ्यावर...”

मिस्टरांनी मला येताना पाहिलं आणि बोटानेच खूण केली, थांब. मी चपला हातात घेऊन जिन्यातच थांबले. आत ती तराजूचं सांगत होती. एका पारड्यातून काढलं तर दुसऱ्यातून किती काढायचं, ते दोन्ही तळवे वर-खाली करून दाखवत होती. मध्येच अडखळली, “थांबा, चुकलं,” म्हणाली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली. हेल्मेटच्या आत मिस्टरांना घाम आला होता, पण ते काढायला त्यांनी हात वर केला नाही.