केळी खाऊन धावलेला माणूस

समोरच्या माणसाच्या पोटाला हात लावल्याशिवाय तो बोलायचाच नाही. रामराम नंतर. आधी डाव्या कुशीत दोन बोटं दाबून बघायची, मान हलवायची आणि निकाल द्यायचा, "आज तू पयत नाई." ज्याला सांगितलं तो बिचारा बाजाराला निघालेला असायचा, त्याला कुठे पळायचं नसायचंच. पण ह्याला त्याचं काय!

तुम्ही म्हणाल, डोक्यानं सरकलेला असेल. तसं नव्हतं. त्याची उमेदीची सगळी वर्षं शंकरपटात गेली होती. शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत. मंगरूळपीरच्या एका बड्या शेतकऱ्याच्या पटाच्या जोड्या हा सांभाळायचा. बैलाला कधी चारायचं, किती चारायचं, पटाच्या दिवशी पहाटे पाणी दाखवायचं की नाही, हे सारं त्याच्या हातात. बैलाची डावी कूस दाबून तो पोटात काय आहे ते ओळखायचा, आणि ती सवय पुढे माणसांवरही चालू राहिली. बायाबापड्यांना तेवढं त्याने सोडलं होतं, ही देवाची कृपा.

लढाईच्या दिवसांत मालक वारला. पोरांना बैलांपेक्षा पैसा गोड, त्यांनी जोड्या विकून टाकल्या. हा कापसाच्या बाजारात बोजे उचलायला लागला. त्यातच हिवतापानं धरलं, आणि मुळात काटक असलेला माणूस पार वाळून गेला. आमच्याच गल्लीत शेवटच्या घरात एकटा राहायचा. एकटा, कारण बायको बाळंतपणाला माहेरी गेली ती सासऱ्यानं परत धाडलीच नाही. पोरगी तिकडेच रांगायला लागली, तिकडेच चालायला लागली. बोजे उचलणाऱ्याच्या घरी मी लेक नांदवत नाही, असं सासऱ्याचं म्हणणं. पोलिसात लागला तर खुशाल घेऊन जावं, नाहीतर पंच बसवून काडीमोड करावी. आमच्यात पंचांपुढे काडी मोडली की लग्न मोडलं. मग बाईला दुसरं घर करायला मोकळीक. सासऱ्यानं ते दुसरं घरही बघून ठेवलं होतं.

पोलीसभरतीला आदल्या वर्षी तो जाऊन आला होता. धावण्यात पहिला आला आणि वजनाच्या काट्यावर नापास झाला. आता वयाच्या मानानं ही शेवटची खेप होती. त्यात भरतीच्या दुसऱ्याच दिवशी पंच बसायचे ठरले होते. हे तो कुणाला सांगत नसे, पण गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याच वर्षी माझ्या वडिलांनीही मला भरतीला उभं करायचं ठरवलं, कारण मी घरी बसून नुसता खात होतो. आईनं लगेच तयारी सुरू केली. पहाटे धावायला निघण्याआधी दुधात कुस्करलेली भाकरी, वर लोण्याचा गोळा. पहिल्याच दिवशी हा दारात आला, माझी कूस दाबली आणि आईला म्हणाला, "काकू, हे पोरगं पयाले चाललं का निजाले?"

त्या दिवसापासून माझं पोट त्याच्या ताब्यात गेलं. रात्री भिजवलेले मूठभर हरभरे, सुपारीएवढा गूळ, आणि पाण्याचा एकच घोट, तोही तोंडात घोळवून गिळायचा. दुसरा घोट घेतला की डोळे वटारायचा. पोटऱ्यांना जवसाचं तेल चोळायचा. आणि मग दर्ग्याच्या रस्त्यानं मी पुढे, हा मागे, जीभ टाळ्याला लावून बैल हाकतात तसा आवाज काढत. पहाटे अंगणात सडा टाकणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. परत आलो की त्याच्या घरी ज्वारीची गरम आंबील, मीठ-मिरची घातलेली. हरभरे तो मला खाऊ घालायचा आणि स्वतः गुळाचं पाणी पिऊन निघायचा, हे माझ्या लक्षात यायला बरेच दिवस गेले. विचारलं तर म्हणाला, "मले पयनं येते. तुले शिकाचं हाय."

पळणं त्याला येत होतंच. अडत होतं ते वजनाशी. त्यानं काय काय केलं नाही! उसनं तूप आणून प्यायला, ते बाधलं. बाजरीचा खिचडा खाल्ला. पण दिवसभर बोजे उचलायचे म्हटल्यावर अंगाला काय लागणार? शेवटी ओळखीच्या एका शिपायानं त्याला तोड सांगितली. पहाटे केळी खायची, मावेल तेवढं पाणी प्यायचं आणि तसंच काट्यावर उभं राहायचं. तिथे आधी वजन घेतात, धाव नंतर असते. मधल्या वेळात बाभळीआड जाऊन बोटं घालायची, पोट मोकळं करायचं, की पळायला मोकळा. तोड ऐकून तो कितीतरी दिवसांनी हसला.

भरती वाशीमच्या मैदानावर होती. आदल्या दिवशी आम्ही दोघं तिथल्या धर्मशाळेत उतरलो. संध्याकाळी बागवानाकडून केळ्यांच्या फण्या घेतल्या. घरी लग्नबिग्न आहे का, असं बागवानानं विचारलं. हा म्हणाला, "लगनच हाय, चाचा. माहं जुनंच लगन हाय."

पहाटे तो भिंतीला टेकून बसला आणि खायला लागला. पहिली फणी सरळ गेली. दुसरीला घास तोंडात फिरायला लागला. मी सोलून द्यायचा आणि तो डोळे मिटून गिळायचा. मध्येच थांबून म्हणाला, "पटाच्या बैलाले असं चारलं असतं तर मालकानं मले चाबकानं फोडलं असतं." मग पाणी. तांब्यामागून तांब्या. उठून उभा राहिला तेव्हा त्या वाळलेल्या अंगावर पोट तेवढं पुढे आलेलं, आणि हसावं की रडावं ते मला कळेना. चालताना पोटातलं पाणी मला ऐकू येत होतं.

मैदानावर पोचलो, रांगा लागल्या, आणि हवालदारानं सांगितलं की काटा घेऊन येणारी गाडी अजून आलेली नाही. साहेब उन्हं चढेपर्यंत थांबणार नाहीत. तेव्हा आज आधी धाव, मग वजन.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मी विसरलेलो नाही. त्याचं मन काय म्हणत असेल ते मला दिसत होतं. आता ओकून टाकलं तर धाव मारता येईल, पण काट्यावर जायला पोटात काही उरणार नाही. पोटात ठेवलं तर धावच हुकायची. "आता काय करू?" त्यानं मला विचारलं. आयुष्यभर पोटाचा निकाल देणारा माणूस मला विचारत होता. तेवढ्यात शिट्टी झाली.

तो तसाच धावला. एक हात पोटाला, एक तोंडावर. मी पुढच्या घोळक्यात होतो, वळणावर मागे पाहिलं की तो दिसायचा, मान वर काढलेली, ओठ घट्ट मिटलेले. नाकानंच श्वास घेत होता, तोंड उघडायची सोय नव्हती. हवालदारानं दोर आडवा धरून मागच्यांना बाद करायला घेतलं तेव्हा हा दोराच्या जेमतेम आत पडला. होय, पडलाच, पण आत. मी त्याला उचलायला गेलो तर त्यानं मानेनंच नको म्हटलं. हललं असतं तर बाहेर आलं असतं.

आणि गाडी काही येईना. धावेत टिकलेल्यांची रांग काट्याच्या जागेकडे तोंड करून उभी, ऊन वर यायला लागलेलं. हा माझ्यापुढे. त्याच्या पाठीवर घाम नव्हता, नुसते शहारे येत होते. घशाशी आलेलं तो पुन्हा पुन्हा गिळत होता. अखेर गाडी आली, काटा मांडला, एकेक जण चढायला लागला. मी मनात देवाला म्हणत होतो, एवढी दोन-चार माणसं लवकर आटप. त्याच्यापुढे दोघे उरले आणि त्याच्या अंगातलं बळ सरलं. सगळं बाहेर आलं. कुणी शिव्या दिल्या, कुणी हसलं. मी धावत जाऊन बादली आणली, त्यानं गुडघ्यावर बसून पाणी प्यायला सुरुवात केली, आणि तेही पोटात ठरेना.

काट्यावर तो थोडासाच कमी भरला. डॉक्टर वाईट माणूस नव्हता. म्हणाला, अंगावर मांस धर आणि पुढच्या वर्षी ये. ह्यानं हात जोडले. "पुढच्या वर्षी नाई जमत साहेब. पाह्यजे तर पुन्यांदा पयवा मले. दोनदा पयवा." डॉक्टरनं पुढच्याला बोलावलं. पुढचा मी होतो. माझं वजन चांगलं भरलं, आईच्या लोण्याची कमाई. मला दुसऱ्या दिवशी तपासणीला यायला सांगितलं. सुटल्यावर मी वळून पाहिलं तर हा मैदानाच्या टोकाला पोचला होता, आणि धावत होता.

मंगरूळचा रस्ता सोडून तो मालेगावच्या रस्त्याला लागला. त्या रस्त्यावर दोन कोसांवर त्याची सासुरवाडी. हा काहीतरी करून घेईल, विहीर जवळ करील, हेच पहिल्यांदा मनात आलं, आणि मी मागे धावलो. हाका मारल्या. तो थांबला नाही. रिकाम्या पोटी तो असा पळत होता की मी, नुकताच धावेत पास झालेला, त्याला गाठू शकलो नाही. ही धाव मैदानावर कुणी बघितली असती तर! आतून भडभडून येत होतं, आणि धावताना नीट रडताही येत नाही.

गावकुसाशी पोचलो तेव्हा तो खरंच विहिरीवर होता. काठावर उभा. पाण्याला आलेल्या बाया बाजूला सरकल्या होत्या. त्या बायांतली एक मात्र सरकली नव्हती. तिनं त्याच्या दंडाला धरलं होतं. ती त्याची बायको. तो तिथे तिला भेटायला आला होता की आणखी कशाला, ते मला आजही सांगता येणार नाही. मला वाटतं, त्यालाही आलं नसतं.

"नाई झालं," तो म्हणाला. "उद्या पंच बसतील."

ती हळू म्हणाली, "मले कोनी इचारलं होतं का? बाबानं नाई इचारलं. तुमीबी नाई इचारलं."

तो मटकन खाली बसला. तिनं घागर तिथेच ठेवली आणि म्हणाली, "बसून राहा. पोरीले घेऊन येतो मी."

ती गेली आणि पोरीला कडेवर घेऊन आली. मागून तिचा बाप ओरडत येत होता, दोन-तीन माणसं गोळा झाली होती, पण भर दिवसा गावादेखत कुणी हात लावला नाही. नवरा-बायकोनं मंगरूळची वाट धरली नाही. तिथे घर होतं, पण तिथे पंचही पोचले असते. वाशीमच्या स्टेशनाकडे जातो, एवढंच तो मला म्हणाला. पुढे कुठे, ते त्यालाही माहीत नव्हतं.

पोलिसात माझी सारी नोकरी गेली. बदली होऊन नव्या गावी गेलो की तिथल्या गिरणीत, हमालांत, यात्रेत मी त्याला शोधायचो. कुणी सांगितलं अकोल्याला दिसला, कुणी म्हणे त्या वर्षीच्या पटकीच्या साथीत गेला. खरं काय ते मला कधीच कळलं नाही. इतक्या वर्षांनीही ते डाचतं.

मी पाहिलं ते एवढंच. पोरगी बापाला ओळखत नव्हती, आईच्या कडेवरून त्याच्याकडे परक्यासारखी टकामका बघत होती. बायकोनं पदराखालून भाकरीचा तुकडा काढून त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो मोडून अर्धा पोरीपुढे धरला. तिनं तोंड फिरवलं. तो हात तसाच पुढे धरून चालत राहिला, रस्त्याच्या वळणापर्यंत तरी मला तसाच दिसत होता.