एका स्कूटरवरची शांतता समिती

किस्से कसे साठत जातात ते मला विचारा. आमच्या मोहल्ला समितीचं काम एकच, गल्लीत काही घडू द्यायचं नाही. चौदा वर्षं मी समितीत आहे आणि देवाच्या दयेने काही घडलेलं नाही. पण काही न घडण्याचेच इतके किस्से झालेत, की ऐकणारा सापडला की मी सुटतो. माझी बायको शोभा म्हणते, "रिटायर झालात तरी घंटी मारायचं न्हाय थांबवलंत."

मी एसटीचा कंडक्टर होतो. भिवंडी-वज्रेश्वरी-गणेशपुरी करण्यात उभा जन्म गेला. घर भिवंडीत, लूमच्या खटखटीत. ती बंद पडली की आम्हाला झोप लागत नाही. भिंतीला भिंत लागून खलीलभाई. कोकणी मुसलमान, किती पिढ्या इथे आहेत ते त्यांनाही सांगता येणार नाही. मागच्या बाजूला त्यांचा बारा लूमचा कारखाना. चौतीस वर्षांचा शेजार आहे आमचा.

आणि गेल्या वर्षी आम्ही घर विकायला काढलं. आमच्या नितीनने कल्याणला आपल्या घराजवळ आमच्यासाठी फ्लॅट घेतला आणि आम्हाला तिकडे चला म्हणाला. "पप्पा, उद्या इथे काही झालं तर मी कल्याणहून कधी पोचणार?" त्याचं चुकतं असं मी म्हणणार नाही. जुन्या दंगलीच्या गोष्टी त्याने आजोबांच्या मांडीवर बसून ऐकलेल्या आहेत. मला जायचं नव्हतं, शोभाला तर मुळीच नाही, पण एकुलत्या एका पोराला नाही कसं म्हणायचं?

दलाल गिऱ्हाईक आणायचा. गिऱ्हाईक घर बघून खूश व्हायचं, पंख्याखाली बसून चहा प्यायचं आणि पुन्हा फिरकायचं नाही. असं तीनदा झालं. मला आतून बरं वाटायचं आणि बरं वाटलं म्हणून लाजही वाटायची. शेवटी नितीनने सांगितलं, दिवाळीपर्यंत गिऱ्हाईक मिळालं नाही तर फ्लॅट भाड्याने देऊन टाकतो, मग राहा तुम्ही भिवंडीतच. तेव्हापासून मी दिवाळीकडे डोळे लावून बसलो होतो.

असो. किस्से सांगतो.

*

आमच्या समितीचा एक नियम आहे. अफवा आली की दोघांनी जायचं, एक हिंदू आणि एक मुसलमान, एकाच गाडीवर. डोळ्यांनी बघायचं आणि मग पोलीस चौकीला फोन करायचा. आमच्या भागातली जोडी म्हणजे खलीलभाई आणि मी. स्कूटर त्यांची, कारण मला चालवता येत नाही. मला जन्मभर गाडीत मागे राहायचीच सवय.

एकदा भर दुपारी मोबाईलवर मेसेज फिरला. सुताच्या गोदामाजवळ जमाव जमलाय, हातात काठ्या आहेत. पाच मिनिटांत निम्मी दुकानं बंद झाली. शोभाने मला दारात अडवलं, पण खलीलभाई स्कूटर चालू करून उभे होते. निघालो. खोटं कशाला बोलू, मी मागे बसून देवीचं नाव घेत होतो. आरशात खलीलभाईंचे ओठ हलताना दिसत होते, म्हणजे तेही काहीतरी पुटपुटत होते.

जाऊन बघतो तर जमाव खरोखर होता. पन्नासेक माणसं, हातात बांबू. आणि गोदामाच्या दारात सुताच्या गाठोड्यावर ही लांबलचक धामण! यूपीचे कारागीर, आमच्या आगरी पोरांची टोळी, हमाल, सगळे गोल करून उभे. कोणाचीच पुढे व्हायची हिंमत नव्हती.

खलीलभाईंना सापाची भयंकर भीती. ते स्कूटरच्या सीटवर चढून उभे राहिले आणि तिथूनच त्यांनी चौकीला फोन लावला. बघितलं तेवढंच सांगायचं, हा नियम ते कधी मोडत नाहीत. ते म्हणाले, "साहेब, मेसेज खरा आहे. जमाव आहे, काठ्या आहेत, दोन्ही धर्मांचे लोक आहेत. फक्त सगळे एकाच बाजूला आहेत."

तरी पोलिसांची व्हॅन आलीच. बिचाऱ्या शिपायांना खाली उतरल्यावर कळलं काय आहे ते, आणि ते पुन्हा व्हॅनमध्ये जाऊन बसले. शेवटी वडपे गावातल्या गोदामातला एक सर्पमित्र आला आणि धामण पिशवीत घालून घेऊन गेला.

*

त्यानंतर काही महिन्यांनी नवीन इन्स्पेक्टर आले. तरुण माणूस, आमच्या शहराचं नाव ऐकूनच आलेला. पहिल्याच मीटिंगला त्यांनी भाईचाऱ्यावर भाषण केलं. चांगलं केलं, पण लांब केलं. चहा थंड झाला. मग वही उघडून म्हणाले, आता ज्याची जी तक्रार असेल ती न घाबरता सांगा.

पहिली तक्रार आमच्या गणेश मंडळाची, पलीकडच्या गणेश मंडळाविरुद्ध. विसर्जनाला पुढे कोण यावरून. दुसरी मशिदीच्या एका ट्रस्टीची, दुसऱ्या ट्रस्टीविरुद्ध. वजूच्या जागी, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुतात तिथे, नवीन फरशी कोणती बसवायची यावरून दोघे सहा महिने बोलत नव्हते. तिसरी तक्रार सगळ्यांनी मिळून केली, ती गटाराची. त्यावर तर एक तास गेला.

साहेब लिहून लिहून थकले. शेवटी पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, हिंदू-मुसलमान असं काही नाही का?

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. खलीलभाई जरा ओशाळून म्हणाले, "साहेब, त्याला वेळच मिळत नाही."

*

रमजानमधला किस्सा सांगतो. अफवा तशा कमी असतात, पण रमजानमध्ये आम्ही दोघं संध्याकाळी एक चक्कर मारतोच. एका एकादशीला असंच फिरता फिरता उशीर झाला. माझ्या पोटात सकाळपासून एका चहाशिवाय काही नव्हतं. खलीलभाईंना रोजा होता. दोघंही उपाशी, दोघंही चिडलेले, आणि स्कूटर पंक्चर! ढकलत ढकलत त्यांच्या दारात आलो तेव्हा मगरीबची अजान व्हायला पाच मिनिटं होती.

नसीमभाभी आतून म्हणाल्या, भाऊंना जाऊ देऊ नका, त्यांच्या उपासाचं केलंय. दस्तरखान घातलं होतं. खजूर, कलिंगड, केळी, म्हणजे सगळं मला चालणारं. आणि मधोमध मोठ्या ताटात साबुदाण्याची खिचडी.

खिचडी पिवळीधमक होती. भाभींनी हळद घातली होती, कांदा घातला होता आणि वरून लसणाची फोडणी. नुसता पांढरा साबुदाणा त्यांना आजारी माणसाचं जेवण वाटला, पाहुण्याला तसं कसं द्यायचं म्हणून त्यांनी तो सजवला होता. आता काय करायचं? अजान झाली. खलीलभाईंनी खजूर तोंडात टाकला, मी खिचडीचा घास घेतला. अगदी खरं सांगू का, झकास झाली होती.

घरी येऊन मी शोभाला हळदीपासून चवीपर्यंत सगळं सांगितलं आणि म्हटलं, आज माझी एकादशी मोडली. मला वाटलं ती कपाळावर हात मारून घेईल. ती भांडी घासत होती, तिने मानसुद्धा वर केली नाही.

"त्या बाईनं रोज्यात जिभेवर दाणा न ठेवता मीठ बरोबर घातलंय," ती म्हणाली. "आन तुमाला हळदीचं पडलंय? एकादशी तिची झाली, तुमची न्हाय."

ते मला लागलं. आजही देवापुढे बसलं की कधी कधी ते आठवतं.

पुढच्या एकादशीला शोभा स्वतः जाऊन भाभींना खिचडी शिकवून आली. जिरं, मिरची, दाण्याचं कूट, बस. आता त्या घरात खिचडी अशी रुजलीय की रमजान असो नसो, महिन्यात दोनदा होतेच. खलीलभाई मला रडवेले होऊन सांगत होते, "काशीभाऊ, काल बिर्याणी मागितली तर म्हणते, आज एकादशी आहे!"

*

अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली त्या वर्षी आमची खरी परीक्षा होती. मीटिंगला खुर्च्या कमी पडल्या. एवढ्याशा रस्त्यावरून दोन मिरवणुका कशा जाणार? साहेबांच्या कपाळावर घाम होता.

आमच्या मशिदीचे इमाम आझमगढचे. आम्ही सगळे त्यांना मौलाना म्हणतो. हळू बोलणारा माणूस, इतका हळू की लोक आपोआप गप्प होतात. ते उठले आणि म्हणाले, "जुलूस हम दो दिन बाद निकालेंगे. जिसकी याद में निकालते हैं, उन्हें इसी से ख़ुशी होगी।" आणि खाली बसले. एवढंच. मीटिंग तिथेच संपली. साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि पाणी मागितलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी चष्मा पुसायचं निमित्त करून पुसलं. एवढ्या वर्षांत पोलिसांचा बंदोबस्त मी खूप बघितला, पण गल्ली शांत ठेवली ती त्या दोन वाक्यांनी.

मग आमच्या मंडळाचा अध्यक्ष संतोषही इरेला पेटला. त्याने मौलानांकडून नमाजाच्या वेळा लिहून घेतल्या, झेरॉक्स काढल्या आणि ढोलवाल्यांच्या गळ्यात अडकवल्या. मशिदीच्या अलीकडे शंभर पावलं वाजवणं बंद, नमाज झाल्याशिवाय काडी उचलायची नाही, असा हुकूम काढला.

विसर्जनाच्या दिवशी आमचा गणपती मशिदीजवळ आला आणि बरोबर अस्रच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजाच्या वेळेला ढोल थांबले. सगळा रस्ता चिडीचूप. खलीलभाई पिंपाशी उभे राहून लोकांना सरबत वाटत होते आणि मान उंच करून मूर्ती बघत होते. यंदाची मूर्ती फार सुंदर आहे, असं ते मला दोनदा म्हणाले.

संतोष तरातरा त्यांच्याकडे गेला. "खलीलभाई, अडीचशे माणसं तुमच्या नमाजासाठी उन्हात थांबलीत. आता तरी आत जा!"

खलीलभाई सरबताचा डाव माझ्या हातात देऊन पळाले.

*

आता शेवटचा.

दिवाळीला आठ दिवस राहिले होते. दलालाचा फोन आला की रविवारी एक पार्टी येतेय, पक्की आहे, शेवटची समजा. त्या दिवशी मी जेवलो नाही. खलीलभाईंना सांगितलं तर ते उठून कारखान्यात निघून गेले. मला राग आला. चौतीस वर्षांनी माणसाने निदान वाईट वाटलं म्हणायला नको?

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मौलानांकडे पाणपोईच्या कामाला गेलो होतो. काम झालं, तरी खलीलभाई उठेनात. मग एकदम त्यांनी विचारलं, मौलाना, झूठ कभी जायज़ होता है क्या? मी चमकलो. हा माणूस स्वतः मोजून मग जमाव किती ते सांगणारा. मौलाना विचार करून म्हणाले, दोन माणसांमध्ये मेळ राहावा म्हणून असेल तर गुंजाइश आहे. खलीलभाईंनी विचारलं, त्या दोघांतला एक मी स्वतः असलो तर? मौलाना हसले आणि माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, भाभींशी काहीतरी बिनसलं असणार.

रविवारी मला घरात बसवेना. लोक माझ्या भिंतींवर टिचक्या मारून बघणार, ते कोण बघत बसेल? मी सकाळीच वज्रेश्वरीला गेलो. देवीपुढे उभा राहिलो, पण काय मागायचं तेच कळेना. पोराचं मागू की माझं? नुसता हात जोडून परत फिरलो आणि ठरल्यापेक्षा आधीच्या गाडीने भिवंडीला उतरलो.

गल्लीत शिरलो तर दलाल आमच्या घरात शोभाकडून खोल्यांची मापं घेत होता. गिऱ्हाईक बाहेर ओट्यावर उभं होतं, माझ्या नितीनच्या वयाचा सभ्य मुलगा. आणि त्याच्या शेजारी खलीलभाई. त्यांची माझ्याकडे पाठ होती.

मी कोपऱ्यावरच थांबलो. खलीलभाई सांगत होते, पाणी चार दिवसांतून एकदा येतं. पावसात छताखाली बादल्या लावाव्या लागतात. भिंतीत वाळवी आहे. सगळं खोटं. माझ्या छतातून आजवर एक थेंब गळलेला नाही! मुलाचा चेहरा पडत चालला होता. त्याने शेवटी विचारलं, आणि शेजारी कसे आहेत?

"शेजारी?" खलीलभाईंनी स्वतःच्याच दाराकडे बोट दाखवलं. "त्याचं तर बोलूच नका."

"मुसलमान आहेत ना?"

"त्याचं काही नाही हो, त्यात काय. पण माणूस फार वाईट आहे. एकदा धरलं की सोडत नाही."

तेवढ्यात मुलाचं लक्ष माझ्याकडे गेलं. हातात पिशवी, कपाळाला देवीचं कुंकू. त्याला काय माहीत मी कोण ते. तो दोन पावलं पुढे आला आणि म्हणाला, "काका, तुम्ही इथलेच दिसता. हे म्हणतात ते खरं आहे का?"

खलीलभाई वळले. मला बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला.

मी पिशवी खाली ठेवली.

"अगदी खरं आहे," मी म्हटलं. "चौतीस वर्षं सोसतोय मी."