लाल पान आल्यास घाबरू नये

ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये सॉसची पाकिटं साठतात ना, तसे ते साठत जातात. मग एक दिवस ड्रॉवर बंद होत नाही. माझा ड्रॉवर ऑडिटच्या दिवशी बंद होईनासा झाला. पण ते शेवटी.

आधी सर्व्हरबद्दल सांगते. कर्वेनगरात आमची छोटीशी सॉफ्टवेअर कंपनी आहे आणि तिथे एक लिनक्स सर्व्हर आहे. त्याला एकच काम. सकाळी आपण लॉगिन केलं की सगळे कॉम्प्युटर त्याला विचारतात, "ही खरंच मृण्मयी आहे का?" आणि तो सांगतो, "हो, तीच." अख्ख्या ऑफिसची ओळख पटवून देणारा हा गृहस्थ. फक्त त्याची ओळख कुणाला पटत नव्हती! त्याचं पान उघडलं की ब्राउझर लालभडक इशारा द्यायचा: या सर्टिफिकेटवर, म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्रावर, भरवसा ठेवता येत नाही. कारण त्या सर्टिफिकेटवर सही करणारेही आम्हीच. बाहेरच्या जगात आम्हाला कोण ओळखतो?

बाळंतपणाची रजा संपवून मी परत आले तेव्हा आमचे मॅनेजर जोगळेकर सर म्हणाले, "तुला हलकं काम देतो. ते लाल पान घालव." मग चहाचा एक घोट घेतला. "क्लायंटचं ऑडिट आहे. तेव्हा लाल पान दिसलं, तर सर्व्हर दुसऱ्या टीमकडे जाईल आणि तुला सपोर्टला टाकावं लागेल. तिथे सध्या रात्रपाळीच रिकामी आहे."

माझी ओवी सव्वा वर्षाची. रात्री आई शेजारी नाही हे तिला झोपेतही कळतं. नवरा महिन्यातले निम्मे दिवस नाशिकच्या प्लांटवर. मी "हो सर" म्हटलं, जागेवर आले आणि लिनक्सचं काय काय आठवतंय ते तपासलं. फाइलींची नावं बघायची कमांड आठवली. बाकीचं येईल हळूहळू, म्हटलं.

*

लाल पानावर सरांनी आधीच एक उपाय केलेला होता. पाण्याच्या कूलरवर लॅमिनेट केलेली सूचना:

"लाल पान आल्यास घाबरू नये. 'अ‍ॅडव्हान्स्ड' दाबून पुढे जावे. या कारणासाठी आयटीला फोन करू नये."

नवीन माणूस जॉइन झाला की त्याला आधी कूलर दाखवायचे, मग जागा.

"पाच वर्षांत एक तक्रार नाही!" सर मला अभिमानाने म्हणाले.

अकाउंट्सची प्राजक्ता बाटली भरत होती. मान वर न करता म्हणाली, "कशी येईल? फोन करू नये असं लिहिलंय."

*

कामाला लागले त्याच आठवड्यात सर्व्हरने स्वतःचंच सर्टिफिकेट नाकारलं. इतके दिवस बाहेरचे संशय घेत होते, आता हा स्वतःवरच संशय घ्यायला लागला. हे मला फार जवळचं वाटलं.

मी सकाळभर लॉग, म्हणजे सर्व्हरची रोजनिशी, वाचले. 'हे सर्टिफिकेट अजून सुरू झालेलं नाही' असं काहीतरी तो म्हणत होता. वर्षभर चालू असलेलं सर्टिफिकेट! माझंच काहीतरी चुकलं असणार, असं धरून मी सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ओवी झाल्यापासून काहीही बिघडलं की मी आधी स्वतःला तपासते.

सर्व्हर रूम नाना भोसले बघतात. मूळचे वारज्याचे. शेत होतं तिथे आता त्यांच्या नावाची बिल्डिंग आहे, तरी नोकरीवर हौसेने येतात. नाना मागे येऊन उभे राहिले.

"ताई, काल लाइट गेलती. आतला सेल संपलाय जनू. घड्याळ बघा की त्याचं."

घड्याळ बघितलं. सर्व्हर दोन वर्षं मागे गेला होता.

"मंग बराबर हाय," नाना म्हणाले. "जलम व्हायच्या आधीचा दाखला कोन मानंल?"

मी तारीख पुन्हा वाचली. सर्व्हरच्या हिशेबाने ओवीचा जन्म व्हायचा होता. घड्याळ लगेच दुरुस्त करायला हवं होतं. मी दोन मिनिटं तशीच बसून राहिले. त्या तारखेला मी आठ तास झोपत असे!

*

आमच्या ऑफिसपासून दोन गल्ल्यांवर लिमये काकूंचं पाळणाघर आहे. ओवी दिवसभर तिथे. काकू पोस्टातून निवृत्त झाल्या आहेत. रजिस्टर पत्र ज्याचं त्याच्याच हातात द्यायचं, ही सवय त्यांनी पोरांनाही लावली आहे. म्हणजे पोरांच्या बाबतीत. त्यांचा नियम एकच: मूल कोण नेणार, त्या माणसाला आईने एकदा सोबत आणून समोरासमोर ओळख करून द्यायची. फोन चालत नाही, फोटो चालत नाही, आधार कार्ड तर अजिबात नाही.

हे मी निखिलला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगायला विसरले. तो नाशिकहून लवकर आला आणि लाडाने थेट पाळणाघरात गेला.

काकू ग्रिलच्या आतून म्हणाल्या, "कोण आपण?"

"मी ओवीचा बाबा."

"असाल."

"अहो काकू, बघा ना, आमची नाकं सेम आहेत!"

"नाक मला दिसतंय. पण नाकाला मी ओळखत नाही. ओवीच्या आईला ओळखते."

ओवी आत "बाबा, बाबा" करत टाळ्या पिटत होती. काकूंनी तिच्याकडे एकदा बघितलं. "ती दूधवाल्यालाही बाबा म्हणते," असं निखिलला सांगितलं आणि बाहेर बसायला खुर्ची दिली.

मी पोचले तेव्हा तो खुर्चीवर होता. हातात पाण्याचा ग्लास. काकू पाणी सगळ्यांना देतात.

*

मग मी आमची ती घरची सही सगळ्या कॉम्प्युटरवर 'विश्वासू' म्हणून घातली. कमांड चालवून पाहिली, एकही तक्रार नाही. मी ऑफिसभर मेल पाठवला: लाल पानाचा प्रश्न कायमचा सुटला आहे. 'कायमचा' हा शब्द आधी लिहिला, मग खोडला, मग धीर करून पुन्हा लिहिला.

अर्ध्या तासात प्राजक्ताचा फोन. "मृण्मयी, कायमचं पान आलंय बरं का."

लाल! जसंच्या तसं! कॉम्प्युटरने विश्वास ठेवला होता, पण तिचा ब्राउझर स्वतःची वेगळी यादी बाळगून होता आणि त्या यादीत आम्ही नव्हतो. सोसायटीच्या वॉचमनने आत सोडलं, म्हणून चौथ्या मजल्यावरच्या आजी दार उघडतील असं थोडंच आहे? त्यांची बेल वेगळी वाजवावी लागते. मी ब्राउझर-ब्राउझरची बेल वाजवत फिरले.

*

एवढं होतंय तोवर सर्व्हर बसला. पूर्ण. नानांनी आणि मी तो नव्याने उभा केला. तेच नाव, तीच संस्था, सर्टिफिकेटचा नंबरही तोच. फक्त सही करणारी आतली किल्ली नवी. बाकी सगळ्यांकडे मी जुनी सही काढून नवी घातली. प्राजक्ता त्या दिवशी रजेवर होती.

दुसऱ्या दिवशी तिच्या आवाजात मी पहिल्यांदाच घाबरलेपणा ऐकला. "अगं, आज लाल पानावर अ‍ॅडव्हान्स्डच नाहीये! बटणच नाही! आता पुढे कसं जायचं?"

तिच्या ब्राउझरने जुनं सर्टिफिकेट लक्षात ठेवलं होतं. नाव तेच, नंबर तोच, माणूस दुसरा. हा तोतया आहे म्हणून त्याने दार भिंतीसारखं बंद केलं होतं.

नानांना त्यात काही विशेष वाटलं नाही. "आमच्या भावकीत चार बापू भोसले हायत. नावावर कोन जातंय? आवाज ऐकल्याबिगर म्हातारी कडी काढत न्हाई."

सरही येऊन स्क्रीनकडे बघून गेले. बटण नाही म्हटल्यावर ते खरोखर अस्वस्थ झाले. जाता जाता प्राजक्ताला म्हणाले, "दुसऱ्या कुणाच्या कॉम्प्युटरवर बघ. तिथे असेल."

*

प्राजक्ताकडचीही जुनी सही काढून नवी घातली आणि अखेर तो दिवस आला. सगळीकडे कुलूप. ब्राउझरच्या कोपऱ्यातलं ते चिमुकलं कुलूप मी मोबाइलवर फोटो काढून आईला पाठवलं. आईने विचारलं, "ओवीने काय केलं यात?"

त्याच दुपारी तक्रार आली. गेल्या कित्येक वर्षांत आयटीला रीतसर आलेली पहिली.

"सर्व्हर बिघडलाय," प्राजक्ता म्हणाली. "लाल पानच येत नाहीये!"

*

ऑडिटचा दिवस.

क्लायंटकडून आलेल्या ऑडिटर बाई चहाला नको म्हणाल्या आणि पाणी स्वतःच्या बाटलीतून प्यायल्या. पुण्याच्याच असाव्यात. दुपारभर त्यांनी प्रत्येकाचं मशीन पाहिलं. सगळीकडे कुलूप. जोगळेकर सर मागून मला अंगठा दाखवत होते. मी मनातल्या मनात रात्रपाळीला टाटा करायला हात उचललाच होता.

"आता माझ्या लॅपटॉपवर बघते," बाई म्हणाल्या.

लाल पान.

आम्ही ऑफिसातल्या सगळ्या मशीनना आमची ओळख करून दिली होती. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं, त्या बाईंच्या मशीनला सोडून! खरं म्हणजे त्यांच्याकडे लाल पान येणं हेच बरोबर होतं. पण माझ्या तोंडून शब्द फुटेना.

सर फुटले. "काही नाही मॅडम, ते अ‍ॅडव्हान्स्ड दाबा आणि पुढे जा."

बाईंनी सरांकडे पाहिलं. मग कूलरकडे. सूचना सकाळीच काढली होती, पण लॅमिनेशनच्या चौकोनाइतका कूलर पांढरा दिसत होता.

"मी नाही दाबत," बाई म्हणाल्या.

साडेपाच वाजले होते. काकूंकडे सहापर्यंत पोचावं लागतं आणि निखिल नाशिकला. सरांना ती खोली सोडायला कारण हवंच होतं. "तू हे निस्तर," माझ्या कानाशी कुजबुजले, "मुलीला मी घेऊन येतो. वाटेवरच आहे."

"सर, त्या देणार नाहीत."

"का नाही देणार? कंपनीचं कार्ड आहे माझ्याकडे." आणि गेले.

मी आमच्या सहीची फाइल बाईंना पेनड्राइव्हवर दिली.

"ही तुमचीच कशावरून?"

एरवी मी या प्रश्नाला रडले असते. पण गेले काही महिने मी दुसरं केलं काय होतं? मी बाईंना सर्व्हर रूममध्ये नेलं. नानांनी सर्व्हरच्या स्वतःच्या स्क्रीनवर त्या सहीचा ठसा काढून दाखवला. अक्षरं आणि आकड्यांची भली लांब ओळ. बाईंनी आपल्या लॅपटॉपवरची ओळ त्याच्याशी ताडून पाहिली. दोन-दोन अक्षरं, बोट ठेवून, न घाई करता. मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून घड्याळाकडे बघत होते. मग त्यांनी फाइल घातली आणि पान उघडलं.

कुलूप!

नाना हळूच म्हणाले, "सुटलो."

"एकच प्रश्न राहिला," बाई म्हणाल्या. "तुमच्या ऑफिसात लोक अशा इशाऱ्यावर 'पुढे जा' करतात का?"

याचं उत्तर सरांनी आम्हा सगळ्यांकडून पाठ करून घेतलं होतं: आमच्याकडे कुणीही, कधीही, असं करत नाही. मी तोंड उघडलं, तेवढ्यात फोन वाजला. लिमये काकू. पाळणाघराचा फोन मी एका रिंगमध्ये उचलते, बोट कुठे पडतं ते बघत नाही. स्पीकरवर पडलं.

"मृण्मयी, इथे एक गृहस्थ आलेत. तुझे साहेब म्हणवतात. मी तुला विचारत नाहीये, नुसतं कळवतेय. ओवी उपमा खातेय. तू ये."

मागून सरांचा आवाज आला. "अहो मॅडम, हे बघा कार्ड. फोटो आहे, कंपनीचा शिक्का आहे."

"कार्ड तुमचं, शिक्का तुमचा, सांगताय तुम्ही."

"मग कुणी सांगायला हवं?"

"तिनं. इथे उभं राहून. तोवर बसा, पाणी देते."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. काकूंनी फोन बहुतेक ग्रिलमधून सरांकडे दिला असावा, कारण आता ते अगदी जवळून, अगदी हळू आवाजात बोलत होते. सर्व्हर रूममध्ये ते स्वच्छ ऐकू आलं.

"मृण्मयी, अगं, या बाईंच्यात ते अ‍ॅडव्हान्स्ड कुठे असतं?"

मी फोन बंद केला. नाना भिंतीकडे तोंड करून एक केबल तपासायला लागले. त्या केबलला काहीही झालं नव्हतं.

ऑडिटर बाईंनी लॅपटॉपवर बराच वेळ काहीतरी टाइप केलं. मग तो मिटला आणि बाटलीचं झाकण लावलं.

"सर्व्हरवर भरवसा ठेवायला हरकत नाही, तसं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "साहेबांचं वेगळं लिहिते."