तेल लावलेलं पर्शियन

मांजर निवडून आणायचं असतं, हे मला लखनौला मुलाकडे राहायला आल्यावर कळलं. आमच्या गावाकडे मांजर आपण निवडत नसू. तेच घर निवडायचं. दुधाच्या भांड्याजवळ येऊन बसलं की ते आपलं.

मुलगा इथे संशोधनाच्या नोकरीत. तो मोबाईलवर आठ दिवस वाचत बसला. कुठली जात शांत, कुठली चावत नाही, कुठलीचे केस लांब. शेवटी पर्शियन ठरलं. नात हट्टाला पेटली होती, पण मला सांगताना तो म्हणाला, "आई, तुलाही दिवसभर सोबत होईल."

"मला सोबत नको. उंदीर धरेल का?"

नात म्हणाली, "दादी, प्लीज!" माझं मराठी तिला सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीतच येतं.

अलीगंजला एक बाई ही मांजरं पाळून विकते. वरच्या खोलीत एसी, आणि त्यात कापसाच्या गोळ्यांसारखी पिल्लं. मुलाला सगळ्यांत चपट्या नाकाचं आवडलं. मी ते कानाशी धरलं. श्वास घेताना घरघर वाजत होतं. म्हटलं, हे नको. कोपऱ्यात एक मोठं, राखाडी मांजर पडलं होतं. कुणीतरी नेऊन परत केलेलं. मी उचललं तर हातात ओल्या टॉवेलसारखं लोंबलं, पण डोळे स्वच्छ आणि नाक मोकळं.

"हेच," मी म्हणाले.

"आई, हे मोठं आहे."

"मीही मोठी आहे. दिवसभर घरात मी असते, तू नाही."

ती बाई हसली. "अम्मा जी, बहुत शरीफ है. पंद्रह दिन रखिए, न जमे तो वापस ले आइए. बस, बाल ऐसे ही रहने चाहिए."

रोज ब्रश करा, असंही तिने सांगितलं होतं. ते सुनेने ऐकलं, मी ऐकलं, आणि केलं कुणीच नाही. दुसऱ्या रविवारी बघते तर पोटाखाली आणि कानांमागे केसांचे गोळे झालेले. रविवारी मी नातीच्या डोक्याला कोमट खोबरेल लावते. वाटीत तेल उरलं होतं. गुंता तेलाने सुटतो, हे मला आईने शिकवलं आणि मी तीन मुलांच्या डोक्यांवर करून पाहिलेलं आहे. मांजराला मांडीवर घेतलं आणि पाठीपासून शेपटीपर्यंत चोळलं.

ते गुमान पडून राहिलं. शरीफपणा तिथेच नडला. गावाकडच्या मांजराने पहिल्या बोटालाच बोचकारून मला अक्कल शिकवली असती.

गुंता सुटला नाही. मांजर मात्र नालीतून काढल्यासारखं दिसायला लागलं. मग ते सोफ्यावर गेलं, तिथून नातीच्या उशीवर, तिथून सुनेच्या इस्त्री करून ठेवलेल्या साडीवर. सुनेने नुसती साडी उचलून माझ्यासमोर धरली.

मुलगा बोलला. "शनिवारी परत करायचं. आई, हे तुझ्याने होणार नाही आता."

"तेल मी लावलं. आणि परत जायचं त्याने?"

"मग काय करू? तुला परत करू?"

"करून बघ."

नात उशीला तोंड लावून रडत होती, त्या तेलकट उशीलाच. त्याने ते पाहिलं आणि तरी म्हणाला, शनिवारी म्हणजे शनिवारी. माझ्याच पोटचा आहे, हट्ट कुठून आला हे विचारायला नको.

बुधवारी सगळे आपापल्या कामाला गेल्यावर मी मांजर सब्जीच्या झोल्यात घातलं, तोंड बाहेर ठेवून. विकास नगरच्या नाक्यावर ई-रिक्षा पकडली. रिक्षावाला म्हणाला, "अम्मा, झोले में बिल्ली?"

"हाँ. आप सामने देखो."

जनावरांचा डॉक्टर तरुण होता. त्याने नीट तपासलं. म्हणाला, दोन-तीनदा शाम्पूने धुतलं की तेल निघेल, गोळे तेवढे कापून देतो. बाकी केसांना काही झालेलं नाही.

"पूरा मूँड दीजिए."

"अम्मा जी, जरूरत नहीं है. अच्छी नहीं लगेगी."

"शादी नहीं करनी है इसकी."

तो हसला आणि त्याने मशीन चालू केलं. मी मांजराचे पाय धरले. डोकं आणि शेपटीचा गोंडा तेवढा ठेवला, बाकी सगळं उतरवलं. आतून निघालं एवढंसं, गुलाबी, सुरकुतलेलं.

संध्याकाळी आधी नात आली. "दादी, ये हमारी वाली है?" असं विचारून जमिनीवर बसली आणि हसता हसता आडवी झाली. सुनेने तोंडावर पदर घेतला. मुलगा आला, तो दारातच थांबला.

"हे काय केलंस?"

"मुंडण."

"अगं, आता ती बाई घेईल का परत? केसांशिवाय कोण घेईल ह्याला?"

"नाही घेणार," मी म्हणाले. "म्हणून तर केलं."

मग तो वाकून बुटाची नाडी सोडायला लागला, आणि मी पोळ्या लाटायला आत गेले.