भाऊजी, पान्हा आणि लाल नळ

मंडळी, नळ घरीच दुरुस्त करावा की वॉचमनच्या ‘इन्शाल्ला, कल’वर जगावं? माझं उत्तर आज ठरलं.

पुण्याहून इथे आखातात आमच्याकडे आलेल्या दिरांनी सकाळी बाथरूममधला गळका लाल नळ पाहिला आणि पान्हा मागितला. “भाऊजी, राहू द्या,” म्हणेपर्यंत त्यांनी खालचा कॉक इतका आवळला की त्याची मूठच हातात आली आणि लाल नळ पुरता बंद झाला.

“गळणं थांबलं ना? जुलैत गरम पाणी हवंय कुणाला, वहिनी?”

अहो, इथे कुसैसमध्ये उन्हाळ्यात निळ्या नळाला गच्चीवरच्या टाकीतलं चटके देणारं पाणी येतं. बंद गिझरमध्ये ते जरा निवतं, म्हणून आम्ही लाल नळानेच अंघोळ करतो!

मी हे सांगेपर्यंत भाऊजी अंघोळीला घुसलेसुद्धा. आतून ओरडले, “वहिनी, आधी तो गिझर बंद करा!”

गिझर मे महिन्यापासून बंदच आहे हो! पाहुणे यायच्या आधी तुम्ही पान्हा कुठे लपवता?